जुगाराचे व्यसन: जाणकार मदत कशी शोधावी

दारूच्या व्यसनासाठी कुठे जायचे, हे महाराष्ट्रात बहुतेकांना सांगता येते. व्यसनमुक्ती केंद्रे परिचयाची आहेत, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका मराठीतून चालतात आणि तोंडाला येणारा वास घरच्यांपासून फार दिवस लपत नाही. मटका, रमी, तीन पत्ती, क्रिकेटचा सट्टा किंवा बुकीकडून मोबाइलवर घेतलेला ‘आयडी’, म्हणजे पैसे लावण्याचे खाते, यांचे तसे नसते. माणूस वेळेवर कामाला जातो, घरी येऊन जेवतो, आणि त्याच्या डोक्यावर काही लाखांचे कर्ज आहे हे वसुलीचा पहिला फोन बायकोच्या किंवा वडिलांच्या मोबाइलवर येतो तेव्हाच कळते. मग दागिने मोडून, कुणाकडून हातउसने घेऊन ते कर्ज भागवले जाते, देवासमोर शपथ होते आणि उपचाराचा विषय निघतच नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या उपचाराविषयी आहे: कोणाकडे जावे, त्याची पात्रता कशी पडताळावी आणि उपचार चालू असताना कर्जाचे व घराचे काय करावे.

जुगाराचे व्यसन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्याची नोंद व्यसनांच्या गटात आहे; अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच त्याला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी बसवले. त्या अमेरिकन निकषांनुसार नऊपैकी किमान चार लक्षणे गेल्या बारा महिन्यांत दिसत असतील, तर निदान केले जाते. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळणे, पूर्वीइतकीच मजा येण्यासाठी रक्कम वाढवत नेणे, बंद करण्याचे प्रयत्न फसणे, बंद केल्यावर चिडचिड होणे, घरच्यांशी खोटे बोलणे आणि पैशांच्या अडचणीतून सोडवण्यासाठी सतत दुसऱ्यांकडे हात पसरणे, ही त्यांतली सहज ओळखू येणारी लक्षणे. अंतिम निदान डॉक्टरांनीच करायचे असते; पण यांतली दोन-तीन जरी नेमकी लागू पडत असतील, तरी डॉक्टरांना भेटण्यासाठी तेवढे पुरे आहे. सगळे बुडेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

दोन प्रकार हमखास नजरेतून सुटतात. पहिला म्हणजे शेअर बाजारातील फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर बेतलेल्या करारांचे व्यवहार. त्याला समाजात गुंतवणुकीची प्रतिष्ठा आहे, म्हणून त्यात अडकलेला माणूस स्वतःला जुगारी मानत नाही आणि घरचेही मानत नाहीत. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. तोटा होणे म्हणजे व्यसन नव्हे, परंतु तोटा भरून काढण्यासाठी लपवून कर्ज काढणे हे मात्र वर सांगितलेल्या लक्षणांत चपखल बसते. अशा वेळी डॉक्टरांसमोर ‘ट्रेडिंग’ हा शब्द उघडपणे उच्चारावा. दुसरा प्रकार औषधांमुळे होतो. कंपवातासाठी दिली जाणारी प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल ही औषधे, तसेच मानसिक आजारांत दिले जाणारे अॅरिपिप्राझोल, यांमुळे काही रुग्णांना जुगाराची अनावर इच्छा होऊ लागते. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारे वडील सत्तरीत अचानक लॉटरीच्या नादी लागले असतील, तर त्यांच्या गोळ्यांची पाकिटे घेऊन आधी त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे. औषध मनानेच बंद करू नये. ते एकदम बंद केल्यानेही त्रास होतो.

पहिला फोन

घरबसल्या आणि विनामूल्य सुरुवात करायची असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. क्रमांक १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. फोनवर प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज वाटल्यास पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. फोन लागल्यावर काय बोलावे या विचारानेच पुष्कळ लोक फोन ठेवून देतात, म्हणून दोन-तीन वाक्ये आधीच कागदावर लिहून ठेवावीत: ‘मी मोबाइलवर पैसे लावून खेळतो. बंद करायचा प्रयत्न केला, जमले नाही. कर्ज झाले आहे आणि घरी सांगितलेले नाही. माझ्या जिल्ह्यात मला कुठे दाखवता येईल?’ एवढे पुरे आहे. बायको, आई-वडील किंवा भाऊही हा फोन करू शकतात. खेळणारा माणूस तयार नसला तरी घरच्यांनी काय करावे, हे विचारता येते.

एका बाबतीत मात्र थांबू नये. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका मोठा असतो आणि घरी कर्ज उघडकीस येते ते दिवस सर्वांत नाजूक असतात. ‘माझा विमा आहे, तुमचे सगळे फिटेल’ अशा अर्थाचे बोलणे कानावर आले, तर ती धमकी किंवा नाटक समजू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि गोळ्या हाताबाहेर ठेवाव्यात, टेलि-मानसला फोन करावा आणि प्रसंग तातडीचा असल्यास ११२ क्रमांकावर मदत मागवून किंवा स्वतः गाडी करून जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. पोलीस केस होईल या भीतीने अडून राहू नये: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार देण्याची जबाबदारी शासनावर येते.

कोण कोणते काम करतो

माझ्या मते पहिली प्रत्यक्ष भेट मानसोपचारतज्ज्ञांचीच असावी. ते एमबीबीएस झालेले आणि त्यापुढे मानसोपचारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम ही पात्रता मिळवलेले डॉक्टर असतात. जुगाराबरोबर नैराश्य, चिंता, दारू किंवा द्विध्रुवीय (बायपोलर) आजार असण्याचे प्रमाण मोठे आहे. त्यातले काय आधीपासून होते आणि काय कर्जामुळे आले, हे वैद्यकीय नजरेनेच पारखावे लागते. जुगार सुटावा म्हणून खास मान्यता मिळालेले एकही औषध नाही. नाल्ट्रेक्झोनसारखे औषध काही रुग्णांमध्ये तलफ कमी करण्यासाठी डॉक्टर वापरतात आणि सोबतच्या आजारांवर औषधे असतातच. खरे काम होते ते विचार आणि वर्तन यांवर आधारित मानसोपचाराने, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सीबीटी म्हणतात. ‘आता सलग पाच वेळा हरलो, म्हणजे पुढचा डाव माझाच’ ही समजूत तपासून पाहणे, पगाराच्या दिवशी तलफ कशी उठते ते ओळखणे, त्या दिवशी पैसे हाताशी राहणार नाहीत अशी आधीच तजवीज करणे, अशा प्रकारचे हे काम असते आणि ते एका भेटीत होत नाही.

हे मानसोपचार बहुधा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. ते औषधे लिहून देत नाहीत. त्यांच्या पात्रतेत भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी येते आणि त्या नोंदणीचा क्रमांक विचारण्यात काहीही अवमान नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीतही ती पाहता येते. ‘समुपदेशक’ या पाटीविषयी थोडी सावधगिरी हवी, कारण ती अनुभवी समाजकार्य पदवीधरांच्या दारावर जशी असते, तशीच थोड्या दिवसांचा अभ्यासक्रम केलेल्यांच्या दारावरही असते. चांगला समुपदेशक घराला मोठा आधार देतो, पण निदानाचे काम त्याचे नाही आणि खरा समुपदेशक हे स्वतःच सांगतो.

पैशाअभावी उपचार टळत असतील, तर सरकारी दवाखान्याचा रस्ता धरावा. मुंबईत केईएम, नायर, शीव आणि जे. जे., पुण्यात ससून, आणि अन्य शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागही चालतो. तिथे गेले म्हणजे भरती व्हावेच लागते, हा गैरसमज आहे. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होते. गोव्यात बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. मोबाइल आणि ऑनलाइन खेळांच्या अतिरेकासाठी बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१४ मध्ये ‘शट’ नावाचे स्वतंत्र क्लिनिक सुरू केले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या आयपीएच या संस्थेत मराठीतून समुपदेशन आणि मानसोपचार मिळतात.

सरकारी रुग्णालयात सकाळी लवकर जावे. खिडकीवर केस पेपर काढताना ‘मानसोपचार’ एवढेच सांगितले तरी चालते. जुगाराचा तपशील तिथे रांगेत सांगण्याचे कारण नाही. आत बहुधा निवासी डॉक्टर प्रथम सविस्तर माहिती विचारतात: कधीपासून, कोणता खेळ, दिवसाला किती, शेवटचा डाव कधी, झोप कशी, मरणाचे विचार येतात का. घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगतात, तेव्हा रागावू नये. बायकोसमोर माणूस पन्नास हजार म्हणतो आणि ती बाहेर गेल्यावर चार लाख म्हणतो, असे होतच असते. सोबत चालू औषधांची पाकिटे, मागच्या सहा महिन्यांचे बँकेचे स्टेटमेंट आणि कर्जाची यादी न्यावी. डॉक्टरांना सांगितलेली माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन वर उल्लेखलेल्या कायद्यानेच घातलेले आहे, त्यामुळे ती नोकरीच्या ठिकाणी पोहोचेल ही धास्ती बाळगू नये.

भरती करावे का?

जुगाराचे बहुतेक रुग्ण घरी राहून बरे होतात. सोबत दारूचे तीव्र व्यसन असेल, आत्महत्येचा धोका असेल किंवा घरात राहून खेळणे थांबतच नसेल, तर काही दिवस भरती होण्याचा सल्ला डॉक्टर देतात. इथे घरच्यांनी फार जपावे लागते, कारण वैतागलेल्या घराला ‘तुम्ही फक्त पत्ता द्या, आमची माणसे येऊन घेऊन जातील’ हे वाक्य गोड वाटते. मानसिक आजाराच्या रुग्णांना भरती करून घेणाऱ्या संस्थेला मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नोंदणी लागते. सज्ञान माणूस स्वतःच्या संमतीने दाखल होतो. त्याची निर्णयक्षमता इतकी ढासळली असेल की संमती देता येत नाही, तरच नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेण्यास कायद्याने मान्य असलेल्या व्यक्तीच्या, अर्जावरून दाखल करता येते, आणि त्यासाठीही एका मानसोपचारतज्ज्ञाने व दुसऱ्या एका व्यावसायिकाने स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. रात्री घरातून उचलून नेणे यात कुठेही बसत नाही.

केंद्राला फोन करून सरळ प्रश्न विचारावेत. नोंदणी क्रमांक काय? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि त्यांचे नाव काय? जुगाराचे रुग्ण तुम्ही पाहता का, की त्यांना दारूच्या रुग्णांच्याच कार्यक्रमात बसवता? घरच्यांना कधी भेटता येते? घरी सोडल्यावर पाठपुरावा कसा होतो? खर्चाची पावती मिळते का? ‘आधी घेऊन या, मग बोलू’ असे उत्तर आले, तर दुसरे केंद्र शोधावे. ‘शंभर टक्के हमी’, ‘जेवणातून गुपचूप द्यायची पावडर’, ‘एका बैठकीत संमोहनाने सुटका’ अशा जाहिरातींच्या वाटेला जाऊच नये. गुपचूप दिलेल्या औषधाने कुणाचे कर्ज लपवणे थांबत नाही आणि शरीराला इजा होते ती वेगळीच. पुण्याचे मुक्तांगण, जे डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये उभे राहिले, यासारख्या जुन्या केंद्रांचा अनुभव मुख्यतः दारू व अमली पदार्थांचा आहे. तिथेही जुगाराविषयी आधी फोनवर विचारून मगच निघावे.

डॉक्टरांच्या जोडीला स्वमदत गट असावा. गॅम्बलर्स अॅनॉनिमस हा गट १९५७ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झाला. भारतात त्याच्या बैठका होतात, ऑनलाइनही होतात. फी नसते, आडनाव विचारत नाहीत. त्यांची वीस प्रश्नांची यादी प्रसिद्ध आहे आणि व्यसनात अडकलेले बहुतेक जण त्यांतल्या किमान सात प्रश्नांना ‘हो’ म्हणतात, असे हा गट सांगतो. कुटुंबीयांसाठी गॅम-अॅनॉन नावाचा वेगळा गट आहे. या बैठका उपचाराची जागा घेत नाहीत, पण रात्री अकरा वाजता तलफ उठल्यावर ज्याला फोन करता येईल असा माणूस डॉक्टरांपेक्षा गटातच भेटतो.

कर्जाचा कागद

उपचाराइतकेच काम पैशांच्या बाजूला असते आणि तिथे घरे सर्वाधिक चुकतात. सगळे कर्ज एकदम फेडून टाकणे ही दया वाटते; प्रत्यक्षात खेळणाऱ्याची पत पुन्हा मोकळी होते आणि पुढच्या महिन्यात नवे कर्ज उभे राहते. आधी यादी करावी. एका कागदावर कोणाचे, मूळ रक्कम किती, व्याज किती, हप्ता कधी, तारण काय आणि जामीन कोण, असे रकाने आखावेत. लपवलेले कर्ज शोधण्यासाठी सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मागता येतो. भिशी, हातउसने, खासगी सावकार आणि कामावरची उचल या गोष्टी त्या अहवालात येत नाहीत; त्या विचारूनच काढाव्या लागतात. जामीन राहिलेल्या मित्राला खरी परिस्थिती लवकर सांगावी, त्यालाही पावले उचलायला वेळ हवा असतो.

पगार दुसऱ्या विश्वासू व्यक्तीच्या देखरेखीखालील खात्यात वळवणे, यूपीआयची मर्यादा कमी करणे, कार्डावरील ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अॅपमधून बंद करणे, हे सर्व खेळणाऱ्याच्या संमतीने आणि ठरावीक मुदतीसाठी करावे. रोजच्या खर्चाला लागणारी रक्कम हातात द्यावी. माणसाला चहाच्या पैशांसाठी ताटकळत ठेवण्याने काहीच साधत नाही.

वसुली करणाऱ्यांचीही बंधने आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली प्रतिनिधींना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना धमकावता येत नाही आणि कर्ज देणाऱ्या अॅपला मोबाइलमधील संपर्कयादी व छायाचित्रे घेता येत नाहीत. आधी त्या बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. छायाचित्रांत फेरफार करून बदनामीची धमकी आली, तर १९३० या सायबर क्रमांकावर तक्रार नोंदवावी. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते. ‘हरलेले पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असे सांगणारे मात्र त्याच धंद्यातले ठग असतात. कामाच्या ठिकाणच्या किंवा पतसंस्थेच्या पैशांना हात लागला असेल, तर कुठेही कबुली लिहून देण्यापूर्वी वकिलाला भेटावे.

घरातल्या बाईने काय करावे

नवऱ्याने स्त्रीधन विकले, घरखर्च बंद केला किंवा बायकोच्या नावावर कर्ज काढले, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात ही आर्थिक छळवणूक मानली जाते. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा १५१०० वर फोन करावा. तातडीच्या मदतीसाठी १८१ आहे. उपचाराला साथ देणे आणि स्वतःची कागदपत्रे, दागिने, खाते सुरक्षित करणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. असे केल्याने विश्वासघात होतो असे सासरचे म्हणतील, म्हणू द्यावे.

कायद्याची भीतीही दूर केलेली बरी. ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, परंतु शिक्षा चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. मटक्याच्या किंवा पत्त्यांच्या अड्ड्यावर सापडल्यास १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई होऊ शकते. कोणत्याही प्रकारात डॉक्टरांकडे जाऊन ‘मी खेळतो’ असे सांगणे हा गुन्हा नाही.

परदेशातील मराठी कुटुंबांसाठी वाट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये ०८०८ ८०२० १३३ आणि ऑस्ट्रेलियात १८०० ८५८ ८५८ या जुगाराच्या व्यसनासाठीच्या विनामूल्य दूरध्वनी सेवा आहेत. तिथे परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांकडून स्वतःला एकाच नोंदणीने वगळून घेता येते. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप आणि ऑस्ट्रेलियात बेटस्टॉप ही त्या यादीची नावे. भारतातल्या बेकायदा ‘आयडी’वर या याद्यांचा परिणाम होत नाही, म्हणून व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवरचा बुकी स्वतःच ब्लॉक करावा लागतो आणि जुना मोबाइल क्रमांकही बदलावा लागतो.

उपचार सुरू झाल्यावर पुन्हा खेळणे घडू शकते, विशेषतः आयपीएलच्या मोसमात, दिवाळीत पत्ते बसतात तेव्हा किंवा बोनस हाती आल्यावर. डॉक्टर बदलण्याची किंवा पुन्हा शपथ घालण्याची घाई करू नये. किती रक्कम गेली, कोणत्या वेळी आणि त्याआधी काय झाले होते, एवढे त्याच दिवशी लिहून ठेवावे, पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच डॉक्टरांना फोन करून लवकरची वेळ मागावी आणि तो कागद सोबत न्यावा.